हिंगोली ते अहिल्यानगर: छावणीच्या गेटवर अडकलेली भाऊबीज

(एपिसोड ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे कसं आहे ना' शक्य तेवढे काढून टाकलेत. काही राहिले असतील तर सांभाळून घ्या.)

मागच्या महिन्यात सेनगावकडच्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. "दादा, भाऊ मिल्ट्रीत हाय. त्याला क्वार्टर भेटलंय. माय-बाप घेऊन जायचंय, तर गेटवर काय काय लागतंय?" मी दोन ओळींत उत्तर दिलं आणि मग मलाच लाज वाटली. कारण या दिवाळीत, म्हणजे 2025 च्या भाऊबीजेला, आम्ही स्वतः याच प्रवासात तोंडावर आपटलो होतो. त्यामुळे आजचा भाग त्या पोरासाठी. आणि ज्यांचं कुणी फौजेत आहे त्या सगळ्यांसाठी.

माझे दाजी सैन्यात आहेत. दोन वर्षांपासून पोस्टिंग अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या अहमदनगरला. ताई आणि साडेचार वर्षांची भाची तिथंच फॅमिली क्वार्टरमध्ये राहतात. कोणती युनिट, कोणतं गेट, ते मी सांगणार नाही. का सांगणार नाही, ते पुढं येईलच.

यंदा दाजींना दिवाळीची रजा मिळाली नाही. आणि जानेवारीत त्यांची पोस्टिंग फील्डला जाणार हे ठरलेलं. 'पीस' आणि 'फील्ड' हे दोन शब्द फौजेतल्या घरात सारखे कानावर पडतात. पीस स्टेशन म्हणजे जिथं जवान बायको-पोरांना सोबत ठेवू शकतो. फील्ड म्हणजे सीमेवरचा किंवा कारवाईचा भाग, तिथं कुटुंब नेता येत नाही. दोन-तीन वर्षं पीस, मग फील्ड, मग परत पीस, असं ते चक्र फिरतं. पीसमध्येही क्वार्टर लगेच मिळतं असं नाही. घरं कमी आणि मागणारे जास्त, त्यामुळे नंबर लावून बसावं लागतं. म्हणजे ताईच्या स्वतःच्या घरी, तिच्या हातची भाऊबीज, हे पुढची दोन-तीन वर्षं तरी होणार नव्हतं. माय म्हणाली, "ती येऊ शकत न्हाई तर आपण जाऊ."

बाबांचं मन नव्हतं. सप्टेंबरच्या पावसानं कयाधूच्या काठचं आमचं सोयाबीन उभ्या-उभ्या सडलं होतं. भरपाईच्या कागदपत्रांसाठी त्यांचे हेलपाटे चालू होते. त्यात गाडीभाडं. शेवटी माय दोन दिवस बोललीच नाही त्यांच्याशी, तेव्हा तयार झाले.

आता रस्ता. हिंगोलीहून औंढा नागनाथ, जिंतूर, मंठा, वाटूर फाटा, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि तिथून नेवासा फाट्यावरून अहिल्यानगर. अंदाजे सव्वातीनशे ते साडेतीनशे किलोमीटर. मॅप सात तास दाखवतो. मॅपला माहीत नसतं की मागच्या सीटवर मायचे गुडघे आहेत, डिकीत पाच किलो हळद आणि करंज्यांचा डबा आहे आणि औंढ्याला गाडी न थांबवता फक्त हात जोडून पुढं जायचं म्हटलं तर घरात भांडण होतं. आम्ही पहाटे पाचला निघालो. औंढ्यालाच साडेसहा वाजले.

बरेच जण म्हणतात, वाशीमकडून समृद्धीला लागा. लागू शकता. नागपूर-शिर्डी हा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला आणि जून 2025 पासून 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता चालू आहे. गाडी पळते, पण म्हातारी माणसं सोबत असतील तर माझं मत जुन्या रस्त्याच्या बाजूनं आहे. चहा, लघवी, उलटी, या तीनही गोष्टींसाठी केव्हाही थांबता येतं. समृद्धीवर एकसारखा सरळ रस्ता बघून डोळे उघडे असतात आणि डोकं झोपलेलं असतं, ही चालकांची नेहमीची तक्रार आहे. टायर जुने असतील तर त्या वेगात, त्या तापलेल्या काँक्रीटवर ते फुटण्याची भीती वेगळी.

बसून-बसून माणूस एवढा थकतो का, हा प्रश्न मायनं मंठ्याच्या अलीकडं विचारला. "मी तर काहीच केलं न्हाई, मग आंग काऊन ठणकू लालंय?" उत्तर असं की आपण काहीच करत नाही असं वाटतं, पण गाडी वळली, ब्रेक लागला, खड्डा आला की पाठीचे, मानेचे, पोटाचे स्नायू आपोआप आवळतात. दिवसभरात हजारो वेळा. गाडी लागते त्याचं कारण वेगळं. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो 'आपण हलतोय' आणि मोबाईलवर खिळलेले डोळे सांगतात 'नाही, आपण स्थिर आहोत'. मेंदूचा गोंधळ उडतो आणि मळमळ सुरू होते. म्हणून ज्याला गाडी लागते त्याला पुढं बसवा, लांबचं बघायला सांगा, रील बंद. आणि म्हातारी माणसं असतील तर दर दोन तासांनी खाली उतरवून चालवा. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसलं की रक्त खालीच साचतं, पाय सुजतात.

चालक गावातलाच पोरगा होता. दुपारी दोन ते चारच्या मध्ये शरीराला नैसर्गिकच झोप येते, जेवण झालेलं असो वा नसो. वाळूजच्या पुढं त्याच्या दोन जांभया मी आरशात बघितल्या आणि गाडी बाजूला घ्यायला लावली. वीस मिनिटं झोपला. ती वीस मिनिटं मला आजही महाग वाटत नाहीत. कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली तेव्हा माय जागी झाली, पाण्यात नाणं टाकलं. चार चाळीसला आम्ही गेटवर.

आणि बाबांकडं आधार कार्ड नव्हतं.

पिशवी उपसली, सीटखाली बघितलं. मग बाबांनाच आठवलं. भरपाईच्या केवायसीसाठी कार्ड फाइलमध्ये लावलं होतं आणि फाइल घरी, कपाटात. शेजाऱ्यांना फोन करून फोटो मागवला. गेटवरच्या जवानानं तो फोटो बघितला, मान हलवली आणि म्हणाला, "ओरिजिनल चाहिए, बाबा." वय असेल बावीस-तेवीस. त्यानं मायला बसायला स्वतः खुर्ची आणून दिली आणि बाबांना आत सोडलं नाही. दोन्ही गोष्टी त्यानं बरोबर केल्या. तेव्हा मला तसं वाटलं नव्हतं, हे कबूल.

बाबा गाडीला टेकून उभे राहिले. साडेतीनशे किलोमीटर येऊन पोरीचं घर दोन किलोमीटरवर आणि मधी एक लोखंडी दांडा. ताईचा फोन सारखा वाजत होता, भाची ताट घेऊन बसली होती. दाजी ड्यूटीवर होते. ते सुटून, हेल्मेट घालून स्कूटरवर आले, आपल्या वरिष्ठांशी बोलले, रजिस्टरमध्ये स्वतःच्या जबाबदारीवर बाबांची नोंद केली. सव्वासहाला आम्ही आत. भाड्याची गाडी आणि चालक मात्र बाहेरच. त्याच्या झोपण्याची सोय काय, हा विचारच आम्ही केला नव्हता. मग शहरात लॉज बघून दिला.

तर त्या सेनगावच्या पोरासाठी, आणि हे स्क्रीनशॉट काढून ठेवा. प्रत्येक ठिकाणचे नियम थोडे वेगळे असतात, म्हणून आधी ज्याच्याकडं जायचं त्यालाच विचारा. पण साधारण असं. तुमची नावं, गाडीचा नंबर, येण्याची वेळ आणि किती दिवस राहणार हे आदल्या दिवशीच त्याला कळवा, म्हणजे तो आत सांगून ठेवू शकतो. प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र हवं. झेरॉक्स सोबत ठेवा, पण मूळ कार्डाच्या जागी झेरॉक्स चालेल असं धरून चालू नका. गाडीचं आरसी, विमा, लायसन्स हाताशी. भाड्याची गाडी बाहेर थांबेल असंच गृहीत धरा. ड्यूटी कधी सुटते ते विचारून त्या वेळेला पोचा, कारण गेटवर घ्यायला माणूस त्यालाच यावं लागतं. आणि अंधार पडायच्या आत पोचा.

मोबाईलचं जरा जास्त बोलतो, कारण आपण सगळे तिथंच चुकतो. गेटचा, पाटीचा, रणगाड्याचा, परेडचा फोटो नको. भाचीसोबत 'विथ लव्ह फ्रॉम कॅन्ट' अशी लोकेशन लावलेली स्टोरी नको. लष्करी जागांचे फोटो आणि नकाशे यांसाठी 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा आजही लागू आहे. तुम्ही म्हणाल, माझ्या एका स्टोरीनं काय होतंय? 2018 च्या जानेवारीत काय झालं ते ऐका. स्ट्राव्हा नावाचं पळणाऱ्यांचं ॲप आहे. त्यांनी जगभरचे लोक कुठं-कुठं पळतात याचा चमकता नकाशा टाकला होता. ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की वाळवंटात, जिथं काहीच नसायला पाहिजे, तिथं पळण्याचे चौकोन चमकतायत. ते सैनिकी तळ होते. सैनिक सकाळी व्यायामाला पळत होते आणि घड्याळ रेषा काढत होतं. एकानंही काही फोडलेलं नव्हतं, सगळ्यांचं मिळून फुटलं. आपल्या सैन्यानं 2020 मध्ये जवानांना 89 ॲप फोनमधून काढायला लावली, त्यात फेसबुकही होतं. क्वार्टर नंबर फॅमिली ग्रुपवर टाकू नका, एवढंच मागणं आहे. आता कळलं ना, मी युनिटचं नाव का घेत नाही.

रात्री भाऊबीज झाली. भाची बाबांशी हिंदीत बोलत होती, क्वार्टरमध्ये शेजारी एक घर बिहारचं, एक हरियाणाचं, खेळायची भाषा हिंदीच. बाबांना हिंदी कळते पण उत्तर मराठीतच येतं. ती त्यांच्या मांडीवर बसून म्हणाली, "नानाजी, आपकी पोस्टिंग यहाँ हो गई क्या?" तिच्या जगात नवीन माणूस आला म्हणजे त्याची पोस्टिंग झाली. बाबा हसले, पण जेवताना गप्प होते.

दुसऱ्या दिवशी दाजी म्हणाले, चला, सदर बाजारातून भाजी आणू. बाबा म्हणाले, "सदर बाजार तर आपल्या हिंगोलीत हाय." आणि मग मला सांगायला एक विषय मिळाला, जो मला आवडतो.

आपलं हिंगोली स्वतःच एक छावणी होतं. गावात फिरताना नावं ऐका: पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. पलटन म्हणजे पायदळ. रिसाला म्हणजे घोडदळ. तोफखाना समजलाच. पेन्शनपुरा म्हणजे निवृत्त झालेले शिपाई जिथं वसले ती वस्ती. आणि सदर बाजार म्हणजे छावणीचा मुख्य बाजार. इंग्रजांच्या काळातल्या जुन्या छावण्यांमध्ये हे नाव ठिकठिकाणी सापडतं. आपण त्यांना मोहल्ल्यांची नावं समजतो, पण तो एका लष्करी तळाचा नकाशा आहे.

ती फौज होती हैदराबाद कंटिंजंट. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. फौजेचा पगार निजामाच्या खजिन्यातून आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. औरंगाबाद, जालना, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे अचलपूर, अशी तिची ठाणी होती आणि हिंगोली त्यातलं एक. हिंगोलीच का? कारण उत्तरेला लगेच वऱ्हाडची हद्द. या फौजेचा खर्च निजामाला झेपेना, कर्ज वाढत गेलं आणि 1853 च्या तहात त्यानं तेच वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, फौजेच्या खर्चापोटी. वऱ्हाड म्हणजे वाशीमही आलं. आज आपण चाळीस-पन्नास किलोमीटरवर वाशीमला सहज दवाखान्यात जातो, ती तेव्हा दोन राजवटींमधली सीमा होती. 1902 मध्ये वऱ्हाड वर्षाला 25 लाख रुपये भाड्यानं कायमचं इंग्रजांकडं गेलं, 1903 मध्ये कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी लष्करात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. नावं मागं राहिली.

आता गंमत ऐका. त्या कंटिंजंटच्या पायदळाच्या पलटणी पुढं हैदराबाद रेजिमेंट झाल्या आणि 1945 मध्ये तिचं नाव बदलून कुमाऊं रेजिमेंट झालं. हो, तीच. स्वतंत्र भारताचं पहिलं परमवीर चक्र ज्यांना मिळालं ते मेजर सोमनाथ शर्मा कुमाऊंचेच. आणि कंटिंजंटच्या रिसाल्यांमधून डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट आली. घोडे गेले, रणगाडे आले. 1965 च्या सप्टेंबरमध्ये पंजाबात असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांसमोर डेक्कन हॉर्स आपले जुने शर्मन घेऊन उभी होती. आणि भारतीय रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र कुठं आहे? अहिल्यानगरला. म्हणजे हिंगोलीच्या रिसाल्याचे वारसदार त्याच गावात शिकतात, जिथं आम्ही आधार कार्डावाचून उभे होतो. तिथलं रणगाडा संग्रहालय 1994 पासून आहे आणि ते तुम्हा-आम्हाला बघता येतं. पकडून आणलेला पॅटन तिथं ठेवलाय. भेटीला गेलात तर जाऊन या. फोटोचा नियम आधी विचारा.

बाबांना यातलं रेजिमेंटचं काही लक्षात राहिलं नाही. त्यांनी एकच विचारलं. "त्या शिपायांचे मायबाप कसे येत असतील रे हिंगोलीला?" मी थोडा वेळ गप्पच बसलो. कंटिंजंटमध्ये उत्तर हिंदुस्थानातले शिपाईही बरेच होते. अवधच्या कुठल्या तरी गावातून इथवर. बैलगाडीनं, पायी. मला वाटतं, बहुतेक येतच नसतील. पेन्शनपुरा असा उगाच वसत नाही, ज्यांना परत जाणं जमलं नाही किंवा नकोसं झालं, ते तिथंच राहिले.

आज रजा असते. नियमित जवानाला वर्षाला साधारण 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस कॅज्युअल रजा, तीही गरजेप्रमाणे मागं-पुढं होते. 2022 पासून जे अग्निवीर म्हणून लागले त्यांना वर्षाला 30 दिवस. तुमच्यातले कितीतरी जण सकाळी पोलीस ग्राउंडवर 1600 मीटर पळताय, तुम्हाला हे भरतीच्या क्लासमध्ये कुणी सांगत नाही. 30 दिवसांतून जायचे-यायचे दिवस वजा करा. मग तुमचे मायबाप तुमच्याकडं येणार का, आणि त्यांना कसं यायचं ते माहीत आहे का, हा प्रश्न उरतो.

निघायच्या सकाळी खरा विषय निघाला. बाबांचं म्हणणं, जानेवारीत पोरीनं गावी यावं, सासरी राहावं नाही तर आमच्याकडं. ताईचं म्हणणं, जून्यापर्यंत तरी शाळा तोडायची नाही. फौजेत फील्डला गेलेल्या जवानाच्या कुटुंबासाठी काही स्टेशनांवर वेगळी क्वार्टर असतात, सेपरेटेड फॅमिलीची म्हणतात, तिनं तिथं अर्ज केलाय. मिळेल की नाही, माहीत नाही. "एकटी राहशील?" बाबा म्हणाले. ताई म्हणाली, "बाबा, इथं सगळ्याच एकट्या राहतात. म्हणून कुणीच एकटं नसतं." दाजी भांडी धुवायला उठले, म्हणजे त्यांना त्या बोलण्यात पडायचं नव्हतं. बाबा म्हणाले, "जावईबापू, तुमचं काय?" दाजी नळ चालू ठेवूनच म्हणाले, "ती म्हणेल तसं, मामा."

परतीचा रस्ता लवकर संपला, असं नेहमीच वाटतं. हिंगोलीत शिरलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. बाबा खिडकीतून बघत होते. "पेन्शनपुरा," ते म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही.

परवा घरी गेलो तर कपाटाच्या आतल्या खिळ्याला एक प्लास्टिकची पिशवी टांगलेली. आत दोघांची मूळ आधार कार्डं, झेरॉक्सच्या चार प्रती आणि मायच्या गुडघ्याच्या गोळ्यांची चिठ्ठी. पिशवीवर मार्करनं, त्यांच्या त्या वाकड्या अक्षरात लिहिलंय: नगर.